अंगठा कोणाच्या हाती?

वाचक माउलींनो, शरण जाणे हा आपल्या संप्रदायाचा गाभा आहे. गळ्यात माळ पडली की माणूस म्हणतो, आता माझे काही उरले नाही, जे आहे ते विटेवर उभ्या असलेल्या त्या सावळ्याचे. पण शरण कोणाला जायचे, हेही संतांनी तितक्याच स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. जायचे ते एका पांडुरंगाला. सावकार, दलाल किंवा कचेरीतला बाबू यांच्यापुढे आपण नम्र असावे, पण ती शरणागती नव्हे.

आज आपली वयोवृद्ध माणसे नकळत एका दुसऱ्याच शरणागतीत सापडली आहेत. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. आता गळा साथ देत नाही, दोन तास उभे राहून कीर्तन होत नाही, म्हणून कागदावर निरूपण करतो. गोड मानून घ्यावे.

आमच्या कर्जत-खालापूरकडचे पाहा. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारात भाजीच्या टोपलीलाही आता क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटल्यावाचून धान्य मिळत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. श्रावणबाळ योजनेचा लाभ 65 वर्षांपुढच्या माणसाला, आणि तोही घरचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तरच. म्हणजे ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याचा हा आधार. काशेळे, खांडस, वावोशीच्या बाजूच्या वाडीवरच्या म्हातारीला ते पैसे काढायचे तर बँक मित्राच्या यंत्रावर पुन्हा अंगठाच. खोपोलीच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम 2014 साली महिना 1000 रुपये ठरली. ते चालू राहावे म्हणून दर वर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि तोही आता बोटाचा ठसा किंवा चेहरा यंत्राला दाखवून.

व्यवस्था वाईट नाही. पूर्वी मनीऑर्डर यायची, वाटेत तिचे किती झिरपायचे ते आम्ही पाहिले आहे. आता पैसा सरळ नावावर येतो. पण पैसा खात्यात येणे आणि माणसाच्या हातात येणे यांत अजून एक ओढा आहे, आणि तो ओलांडायला आमच्या म्हाताऱ्यांना दुसऱ्याचा खांदा लागतो. जन्मभर भातलावणी करून, लाकडाच्या मोळ्या वाहून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. दोनदा, तीनदा, पाचदा ठेवायला लावतात. त्यातला कोणता ठसा कशासाठी लागला, किती रुपये निघाले, पावती निघाली की नाही, हे त्या बिचारीला कळत नाही. दुकानदार सज्जन असला तर पैसे बरोबर मिळतात. नसला तर नाही. सारा भरवसा समोरच्याच्या सज्जनपणावर.

एकलव्याची कथा आपण जाणतोच. त्याने अंगठा दिला तो विद्या मिळवल्यानंतर, गुरुदक्षिणा म्हणून. आमची माणसे अंगठा देतात ती कोणी विद्या दिली नाही म्हणून.

आता दोन आक्षेप येतात, आणि ते आपल्याच माणसांकडून येतात, म्हणून त्यांचा विचार नीट केला पाहिजे.

पहिला आक्षेप वैराग्याचा. “बुवा, आता या वयात मोबाईल शिकून काय करायचे? हरिनाम घ्यावे, माळ ओढावी, पैलतीर दिसायला लागला.” ऐकायला हे फार सुंदर वाटते. पण माउलींनो, जे आपल्या हातात आहे ते सोडणे म्हणजे वैराग्य. जे कधी हातात आलेच नाही ते सोडले असे कसे म्हणता येईल? ज्या आजीला आपल्या खात्यात किती आहे हे ठाऊक नाही, तिने धन सोडले असे नाही, धनाने तिला सोडले आहे. आणि ते 1500 रुपये म्हणजे काही ऐश्वर्य नव्हे. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, चष्म्याची काच आहे, आषाढीला पंढरपूरला जायचे भाडे आहे. गोळी चुकली तर नामस्मरणाला बसणारा देहच आडवा होतो. तुकोबारायांनी संसार सांभाळला, दुकान चालवले, दुष्काळ सोसला, आणि मग घरातली कर्जखते इंद्रायणीत बुडवली. कोणाकडून किती येणे आहे हे त्यांना पक्के माहीत होते, म्हणूनच तो त्याग ठरला.

दुसरा आक्षेप मायेचा. “मुलगा आहे, नातू आहे, ते करून देतात की.” चांगली गोष्ट आहे. ज्या घरात असा नातू आहे त्या घराला मी हात जोडतो. पण अशा घरांतही एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि तुम्हीही पाहिली असेल. आजी आपल्याच पैशांसाठी नातवाशी बोलताना आवाज खाली आणते. “बाळा, वेळ झाला की जरा बघशील का रे, पैसे आले का?” नातू वाईट नसतो. तो कामावरून दमून आलेला असतो, “उद्या बघतो गं” म्हणतो. चार दिवस जातात. आजी पुन्हा विचारायला कचरते. कोणीही चोरी केलेली नाही, कोणी अपशब्द बोललेले नाही, तरी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला स्वतःच्या पैशाची याचना करावी लागते. आणि जिथे नातू पुण्या-मुंबईला गेला आहे, सून परकी झाली आहे किंवा मागे कोणीच नाही, तिथे काय होत असेल याची कल्पना करा.

करून देणे आणि शिकवणे यांतला भेद कळायला आपल्याकडे जनाबाईंची कथा आहे. जनी दळायला बसली की देव तिच्या शेजारी येऊन बसायचा. आपण ही कथा देवाच्या प्रेमाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यातल्या एका बारकाव्याकडे पाहा. देवाच्या अंगी काय कमी होते? मनात आणले असते तर जनी झोपलेली असतानाच त्याने पोतेभर पीठ दळून ठेवले असते. तसे त्याने केले नाही. तो तिच्यासमोर बसला आणि जात्याच्या त्याच खुंट्याला त्याने हात लावला. खुंट्यावर दोन हात होते. ओझे अर्धे झाले, पण जाते जनीचेच राहिले आणि दळण्याबरोबरचे गाणेही तिचेच राहिले. माझ्या मते सेवेचे खरे माप हे आहे. ज्याची सेवा केली त्याचा हात खुंट्यावर राहिला का? आपण त्याच्या हातातून खुंटा काढून घेतला तर काम लवकर होते, पण दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा आपली वाट पाहावी लागते.

मग या माणसांना आजवर शिकवले का नाही? सरकारने प्रयत्न केला नाही असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झाले. खेड्यापाड्यांतली 6 कोटी घरे, प्रत्येक घरातले एक माणूस, 20 तासांचे शिक्षण, तेही विनामूल्य. देशातली ही अशी सर्वांत मोठी योजना. मार्च 2024 अखेर ती संपली. पण तिची वयाची अट होती 14 ते 60. ज्या दिवशी माणूस साठ ओलांडतो त्या दिवसापासून सरकार त्याला ज्येष्ठ म्हणते, त्याच्यासाठी निराळी योजना काढते, ती योजना यंत्रावर ठेवते, आणि यंत्र शिकवणाऱ्या वर्गाचे दार मात्र साठीलाच बंद होते. घरातल्या एका तरुणाला शिकवले की तो इतरांचे बघेल, असा त्यामागचा हिशेब असावा. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण त्यातून वर सांगितलेली याचना निर्माण होते.

आमच्या भागाला हे नवे नाही. खोपोलीत 1915 साली टाटांचे वीजघर सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी खाली आले, वीज झाली आणि तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्या तारांखालच्या आमच्या वाड्यावस्त्यांवर मात्र पुढे कित्येक वर्षे चिमणीच्या उजेडातच हरिपाठ चालायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही अक्षरशः पाहिला आहे. आज प्रत्येक डोंगरावर मोबाईलचा मनोरा दिसतो. तसेच पुन्हा होऊ नये एवढेच म्हणणे.

सुदैवाने दार पूर्ण बंद नाही. 2022 ते 2027 या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, त्यालाच उल्लास म्हणतात. तो 15 वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. त्यात अक्षरओळखीबरोबर पैशाचे व्यवहार आणि डिजिटल साक्षरताही शिकवायची आहे, आणि शिकवणारे गावातलेच स्वयंसेवक असावेत अशी योजना आहे. कर्जतच्या शेजारीच ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका. तिथल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. पोथी वाचली जात असताना गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतले. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या. हे घाटापलीकडच्या कुठल्या दूरदेशी घडले नाही, आमच्या सीमेला लागून घडले.

“पण महाराज, म्हाताऱ्यांच्या लक्षात राहत नाही.” असे म्हणणाऱ्याने कधी हरिपाठाला बसून पाहावे. अक्षरशत्रू असलेल्या माणसांना सबंध हरिपाठ मुखोद्गत असतो. काकड्याचे अभंग क्रमाने येतात, चाल कुठे बदलायची ते कळते, टाळ चुकत नाही. हे त्यांनी कोणत्या पुस्तकातून शिकले? रोज ऐकून, सोबत म्हणून, चुकले तर शेजाऱ्याने हसून सावरल्यामुळे. म्हणजे शिकण्याची शक्ती आहे, आपली शिकवण्याची रीत चुकते. नातू आजीच्या हातातून मोबाईल घेतो, बोटे भराभरा फिरवतो, “असं करायचं, समजलं ना?” म्हणतो आणि परत देतो. पखवाज असा कोणी शिकवला आहे काय? एक बोल पक्का होईपर्यंत दुसरा बोल देत नाहीत, आणि हात शिष्याचाच पखवाजावर असतो.

आणखी एक. फोनमधले सारे इंग्रजीत असते म्हणून म्हातारी माणसे बिचकतात. सातशे वर्षांपूर्वी, 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी काय केले? जे संस्कृताच्या कुलपात होते ते मराठीत आणून सर्वांपुढे मांडले. लोकांनी आधी संस्कृत शिकावे मग गीता ऐकावी, असे ते म्हणाले नाहीत. आपल्याला तर एवढे मोठे काम करायचे नाही. बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडता येते आणि अक्षर मोठे करता येते. दोन मिनिटांचे काम. पहिला धडा तोच.

आता भीतीचा विषय. “मोबाईल शिकलो तर फसू” असे पुष्कळ जण म्हणतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. महिपतींनी तुकोबारायांच्या चरित्रात कोकणातली एक कथा सांगितली आहे. तुकोबा मिरच्या विकायला कोकणात उतरले. लोकांनी त्यांचा साधा स्वभाव पाहून आपल्या हाताने मापे भरून घेतली आणि पैसे दिले नाहीत. शेवटी देवानेच माणसाचे रूप घेऊन वसुली करून दिली. तो पैसा घेऊन परत जाताना वाटेत एक ठक भेटला. त्याने सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी खऱ्या सोन्याची म्हणून तुकोबांच्या गळ्यात मारली. आमच्या खोपोलीजवळच्या ताकई-साजगावचा बोंबल्या विठोबा, ज्याची कार्तिकीला मोठी यात्रा भरते, त्याची परंपराही तुकोबांच्या या मिरचीच्या व्यापाराशी जोडलेली सांगतात.

या कथेतून एक शिकावे. प्रत्यक्ष तुकोबा फसले, तेव्हा फसणे हा मूर्खपणाचा पुरावा नाही. दोष मुलामा देणाऱ्याचा. आजचे ठक फोनवरून मुलामा देतात. “तुमचे खाते बंद होणार आहे”, “बक्षीस लागले आहे”, “मी पोलीस बोलतो, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे.” कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून हे देशाला सांगितले. आणि ज्या घरात फसलेल्या म्हाताऱ्याला “तुम्हाला कोणी सांगितले होते मोबाईलला हात लावायला?” असे ऐकावे लागते, त्या घरात पुढच्या वेळी म्हातारा गप्प बसतो. ठकाला तेच हवे असते. पैसे गेल्यावर लगेच 1930 या क्रमांकावर कळवले तर ते अडवता येण्याची शक्यता असते. लाजेने दोन दिवस गेले तर तीही जाते. म्हणून घरातल्या तरुणांना हात जोडून विनंती, रागावू नका.

आणि वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी नामासारख्या पाठ कराव्यात. पैसे घेताना पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही, बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही, सांगायचा नाही.

एवढे म्हणूनही एक गोष्ट राहते. सगळे शिकतील असे नाही. कोणाची दृष्टी गेलेली, कोणाचे हात कापतात, कोणाला ऐंशीव्या वर्षी खरोखरच नको आहे. अशा माणसाला “शिकला नाहीत, आता भोगा” असे म्हणणे हा अधर्म आहे. शिकवणे हा आपला धर्म, पण कोणाची भाकरी त्या शिकण्यावर टांगून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, सरकारलाही नाही. कचेरीत एक खिडकी आणि तिच्यामागे एक माणूस राहिलाच पाहिजे. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी येतो, ही सोय आहे. ती डोंगरपट्ट्यातल्या माणसाला कोणीतरी सांगायला हवी. आणि जो दुसऱ्याचा व्यवहार हाताळतो त्याने ते व्रत समजावे. पैसे काढल्यावर रक्कम मोठ्याने सांगावी, पावती त्याच्या हाती द्यावी, शक्यतो तिसऱ्या माणसासमोर. दुसऱ्याचा पिन माहीत असणे म्हणजे देवळाच्या दानपेटीची किल्ली कमरेला असण्यासारखे आहे.

मग कोठून सुरुवात करावी? माझी सूचना साधी आहे. आपल्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर. दुपारच्या पंगतीनंतर हरिपाठापर्यंत वेळ असतो, आणि गावातली सगळी म्हातारी माणसे मंडपातच बसलेली असतात. त्यातला एक तास द्यावा. शिकवायला गावातलीच कॉलेजात जाणारी मुले-मुली घ्यावीत, एकाकडे तीन आजी-आजोबांहून अधिक नकोत, आणि हात लावायचा तो ज्याच्या त्याच्या फोनला. पहिल्या दिवशी भाषा आणि अक्षराचा आकार. दुसऱ्या दिवशी लेकीला, डॉक्टरला फोन लावणे. तिसऱ्या दिवशी बँकेचा संदेश वाचणे, जमा कोणते आणि वजा कोणते. चौथ्या दिवशी शेजाऱ्याला एक रुपया पाठवून पाहणे. ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यानेही खट्टू होऊ नये, 2022 पासून तशा फोनवरूनही यूपीआयने पैसे देता येतात. पाचव्या दिवशी ठकांची सोंगे, मुलांनी नाटक करून दाखवावी, हसत हसत लक्षात राहतात. सहाव्या दिवशी हयातीचा दाखला आणि सरकारी योजनांची माहिती. सातव्या दिवशी उजळणी.

सप्ताहाच्या शेवटी काला असतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कोणाची भाकर, कोणाचे लोणचे, आणि देवाने सर्वांना वाटून दिले. त्या दिवशी ज्याला जे एक आले असेल ते त्याने शेजारच्या एकाला शिकवावे, एवढा नेम करावा. यंदा तुमच्या गावी सप्ताहाची पत्रिका छापाल तेव्हा दुपारच्या रकान्यात ही एक ओळ घालता येईल का, याचा विचार विणेकऱ्यांनी आणि सप्ताह समितीने करावा, ही नम्र प्रार्थना.

॥ राम कृष्ण हरि ॥